‘योग’ : एका लहान शब्दाचा मोठा परिवार

गीतेच्या अठराही अध्यायांची नावे एकाच शब्दाने पूर्ण होतात. तो शब्द म्हणजे ‘योग’. ज्या अध्यायात अर्जुन धनुष्य टाकून खाली बसतो, त्यालाही परंपरेने ‘अर्जुनविषादयोग’ असेच म्हटले आहे. विषाद हा योग कसा? आणि सहाव्या अध्यायाच्या अखेरीस भगवान अर्जुनाला योगी होण्यास सांगतात. अर्जुन हा अरण्यवासी नव्हे. त्याला घर आहे, राज्य आहे, समोर युद्ध आहे. मग हे सांगणे कोणत्या अर्थाने? या प्रश्नांचे उत्तर हवे असेल तर हा दोन अक्षरांचा शब्द मुळात कोठून निघाला, हे आधी पाहणे हिताचे आहे.

धातूचे तीन अर्थ

‘योग’ हा शब्द ‘युज्’ या धातूपासून झाला आहे. पाणिनीय धातुपाठात हा धातू तीन ठिकाणी येतो. रुधादि गणात त्याचा अर्थ जोडणे, दिवादि गणात समाधी म्हणजे चित्ताचे स्थिर होणे, आणि चुरादि गणात संयमन म्हणजे आवरून धरणे. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्य यांपैकी समाधी हा अर्थ घेते. जीवशिवाचे ऐक्य मानणारे जोडण्याचा अर्थ घेतात. वरवर पाहता हे तीन अर्थ एकमेकांपासून दूर वाटतात. परंतु या धातूपासून झालेल्या ‘युग’ शब्दाचा एक जुना अर्थ ‘बैलाच्या मानेवरील जू’ असा आहे. जू बैलाला गाडीशी जोडते, त्याच्या स्वैर धावण्याला आवरते आणि त्याची चाल एका वाटेवर स्थिर करते. तिन्ही अर्थ एका लाकडात सामावलेले आहेत.

खंडोखंडीचे जू

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे असे मत मांडले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात. ‘युग’ हा शब्द या नात्याचा उत्तम साक्षीदार आहे. जुवालाच लॅटिनमध्ये ‘युगुम’, ग्रीकमध्ये ‘झुगॉन’, जर्मनमध्ये ‘योख’, इंग्रजीत ‘योक’ आणि लिथुआनियनमध्ये ‘युंगस’ म्हणतात. रशियनमधील ‘इगो’ हाही त्याच कुळातला. तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे सापडलेल्या तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मृत्तिकालेखांची हित्ती भाषा १९१५ साली बेडरिच ह्रोझ्नी या चेक पंडिताने उलगडली. तिच्यातही जुवासाठी ‘युगन्’ हाच शब्द आहे.

हे साम्य योगायोगाचे नव्हे. संस्कृत व लॅटिनमध्ये जेथे ‘ग’ किंवा ‘ज’ आहे, तेथे इंग्रजीच्या कुळात नियमाने ‘क’ येतो. ‘युग’चे ‘योक’ झाले, त्याच नियमाने ‘अज्र’ म्हणजे शेत याचा इंग्रजी बंधू ‘एकर’ झाला. याकोब ग्रिम याने १८२२ साली हा नियम सविस्तर मांडला. मात्र नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबू नये. जावा बेटावरील योग्याकार्ता नगराच्या नावात ‘योग’ ऐकू येतो, पण ते नाव अयोध्येवरून पडलेले आहे. ‘योद्धा’ हा शब्दही ‘युज्’चा नव्हे, तर ‘युध्’ धातूचा.

या कुळाचा विस्तार मोठा मनोरंजक आहे. रोमन लोकांनी पति-पत्नीस ‘एकत्र जुंपलेले’ अशा अर्थाचा शब्द योजला. पराभूत सैनिकांना भाल्यांच्या केलेल्या जुवाखालून वाकून जावयास लावण्याची तेथे चाल होती. इसवी सनापूर्वी ३२१ मध्ये खुद्द रोमन सैन्यावरच कॉडियम येथील खिंडीत हा प्रसंग आला. जिंकून अंकित करणे या अर्थाचा इंग्रजी शब्द या ‘जुवाखाली आणण्या’तूनच आला आहे. आपण मनमाड किंवा इटारसी येथे गाडी बदलतो, त्या स्थानकाला लागलेला ‘जंक्शन’ हा शब्दही लॅटिनमार्गे आलेला योगाचाच भाऊबंद होय. ग्रीकांनी तराजूच्या दांडीलाही ‘झुगॉन’ म्हटले आणि तूळ राशीला तेच नाव दिले. ते नाव ज्योतिषाबरोबर भारतात आले. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त तूळ राशीचे एक नाव ‘जूक’ असे आहे. युगाचा ग्रीक भाऊ असा वेष पालटून आपल्या घरी आला!

आपल्या घरातील योग

संस्कृतातील आरंभीचा ‘य’ प्राकृतात ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा झाली, यवाचे जव झाले. त्याच रीतीने ‘युग’चे ‘जू’, ‘योक्त्र’ म्हणजे जुंपण्याची दोरी याचे ‘जोत’ आणि ‘योग्य’चे ‘जोगे’ झाले. म्हणून ‘सांगण्याजोगे’ असे म्हणताना आपण नकळत याच धातूचा उच्चार करतो. एका जुंपणीत कापायचे अंतर ते ‘योजन’. अंबाजोगाईची योगेश्वरी, देवीच्या नावाने मागितलेला जोगवा, दारी येणारा जोगी. तसेच उद्योग, उपयोग, प्रयोग, योजना, आयोग हे सर्व एकाच घरचे. याउलट आज इंग्रजी लेखनाच्या छायेमुळे ‘योगा’ असा उच्चार रूढ होत आहे आणि त्याबरोबर अर्थही आसनांपुरता आकुंचित होत आहे. २०१५ पासून दरवर्षी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन पाळला जातो, ही आनंदाची गोष्ट आहे. आसने हे योगाचे एक अंग आहेच. परंतु अंगालाच सर्व शरीर मानले तर गीता वाचताना आपला पदोपदी गोंधळ होईल.

गीतेतील जुंपणी

गीतेत हा धातू प्रथम भेटतो तो ध्यानाच्या संदर्भात नव्हे. पहिल्या अध्यायाच्या १४ व्या श्लोकात श्रीकृष्णार्जुनांचा रथ पांढऱ्या घोड्यांनी ‘युक्त’ म्हणजे जुंपलेला आहे, असे वर्णन आहे. दुसऱ्या अध्यायाच्या ३८ व्या श्लोकात भगवान अर्जुनाला ‘युज्यस्व’ म्हणजे ‘जुंपून घे’ असे सांगतात. तेथे जुंपणे युद्धासाठी आहे. पुढे ५० व्या श्लोकात तेच क्रियापद पुन्हा येते, पण आता ते योगासाठी. घोडे, मग वीर, मग बुद्धी असा हा क्रम मननीय आहे. काम सुटले नाही. काम करणाऱ्याची बुद्धी मात्र समत्वाशी जुंपली गेली. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या तिसऱ्या प्रकरणात या शब्दाची सविस्तर चर्चा करून कर्म करण्याची युक्ती, कौशल्य, हाच गीतेतील योगाचा प्रमुख अर्थ असल्याचे प्रतिपादिले, त्याचे मर्म येथे कळते.

सहाव्या अध्यायाच्या २३ व्या श्लोकात तर दुःखाशी असलेला संयोग तुटण्यालाच योग म्हटले आहे. जोडण्याचा शब्द तोडण्याला कसा लागू पडावा? उत्तर जुवातच आहे. जो बैल जुवाला लागला तो बांधावरच्या पिकापासून आपोआप सुटला. एकाशी जोडले जाणे म्हणजेच दुसऱ्यापासून मोकळे होणे. अर्जुनाच्या विषादालाही म्हणूनच योग हे नाव शोभते. नुसता शोक माणसाला खचवतो, पण तो शोक ‘मला मार्ग दाखवा’ या विचारण्याला जोडला गेला आणि त्यातून गीता प्रकट झाली.

नवव्या अध्यायातील ‘योगक्षेम’ हा शब्दही असाच पाहावा. वेदकाळी योग म्हणजे गाड्या जुंपून पुढे निघणे आणि क्षेम म्हणजे मुक्कामी सुखाने राहणे. पुढे भाष्यकारांनी न मिळालेले मिळणे तो योग व मिळालेले राखणे ते क्षेम, असा अर्थ केला. गृहस्थाची सारी चिंता या दोन शब्दांत आली, आणि तीच भगवंतांनी आपल्याकडे घेतली.

तात्पर्य, योग हा शब्द गुहेत जन्मलेला नाही; तो शेताच्या बांधावर, कष्टकऱ्याच्या खांद्याजवळ जन्मला आहे. संसाराचे जू मानेवर असलेल्या माणसाला तो परका नाही. जू तर सर्वांच्याच मानेवर आहे. ते आपल्याला वासनेच्या गाडीला जुंपते की कर्तव्याच्या, एवढेच पाहावयाचे. सकाळी कामाला लागताना क्षणभर थांबून ‘आज मी कशाला जुंपला गेलो आहे?’ एवढा प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारावा. फळाच्या लोभाला, असे उत्तर आले तर जोत सोडून पुन्हा नीट बांधावे. त्यासाठी घर सोडावे लागत नाही आणि कामही टाकावे लागत नाही.