लहान माल विकावा कसा? ऑलिंपसच्या कॅमेऱ्याचा धडा

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, माल चांगला असूनही पेढीला तोटा येतो, हे आपण बाजारात पाहतोच. आज आपण जपानच्या ऑलिंपस कंपनीची हकीकत पाहू. १९३६ पासून कॅमेरे बनवणाऱ्या या कंपनीला सलग तीन वर्षे या धंद्यात तोटा झाला. शेवटी १ जानेवारी २०२१ रोजी तिने कॅमेऱ्यांचा धंदा वेगळा काढून दुसऱ्यांच्या हवाली केला. मोबाइल फोनने बाजार खाल्ला, हे मोठे कारण खरेच. पण माल मांडण्यातही चूक झाली, असे आम्हांस वाटते. तीच चूक आपणही करतो, म्हणून हा धडा.

आधी माल समजून घेऊ. कॅमेऱ्यात पूर्वी फिल्म असे, तिची जागा आता सेन्सरने घेतली आहे. मोठ्या कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४ मिलिमीटर असतो. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये ‘मायक्रो फोर थर्ड्स’ ही पद्धत आणली. तिचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास चौथा हिस्सा.

पहिली गोष्ट नावाची. मोठ्या सेन्सरला बाजारात ‘फुल फ्रेम’ म्हणतात. फुल म्हणजे पूर्ण. मग बाकीचे आपोआप अपुरे ठरले! ‘फोर थर्ड्स’ या नावातून मात्र गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. गंमत अशी की ३६ बाय २४ हे मापही एके काळी लहानच गणले जाई. जर्मनीचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये याच मापावर बाजारात आला. तो बनवणाऱ्या ओस्कार बारनाक यांचे सूत्र होते: निगेटिव्ह लहान, चित्र मोठे. लहानपणाचा उणेपणा न मानता त्यांनी तोच गुण म्हणून पुढे केला. मलमल विकताना ‘हे कापड जाडीला कमी आहे’ असे आपण म्हणतो काय?

दुसरी गोष्ट, फायदा गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. लहान सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स मोठ्या कॅमेऱ्यावरील ६०० मिलिमीटरच्या लेन्सइतके दूरचे दृश्य जवळ आणते. ऑलिंपसची २०१६ ची तशी लेन्स सुमारे सव्वा किलोची, अमेरिकेत तेव्हा किंमत सुमारे २,५०० डॉलर होती. कॅननची २०१८ ची ६०० मिलिमीटरची लेन्स तीन किलोंची, तेव्हा किंमत सुमारे १३,००० डॉलर होती. दुकानात तराजू ठेवून दोन्ही तोलून दाखवाव्यात. मग भाषणाची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट, शंका असेल तिथेच पुरावा ठेवावा. ‘लहान सेन्सरवर मोठा फोटो निघेल काय?’ ही गिऱ्हाइकाची शंका. २० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून, इंचाला ३०० ठिपके धरले तर, सुमारे १७ बाय १३ इंचांचा स्वच्छ फोटो छापता येतो. जेवढे मिलिमीटर सेन्सर, तेवढे इंच फोटो! असा फोटो भिंतीवर टांगला तर तीच जाहिरात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: मालाची उणीव आपणच सांगावी. अंधाऱ्या हॉलमध्ये लहान सेन्सरवर दाणे लवकर दिसतात. मागची पार्श्वभूमीही तेवढी धूसर होत नाही. रात्रीच्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याला साफ सांगावे की तुमच्यासाठी मोठा सेन्सर बरा. पण पक्षी टिपणारा, डोंगर चढणारा, कीटकांचे फोटो काढणारा, हे आपले खरे गिऱ्हाईक. त्याच्या खांद्यावरचे ओझे कमी करणे हाच आपला माल. सर्वांना सर्व काही विकायला निघालेला दुकानदार शेवटी भावातच मार खातो.

आज हे कॅमेरे ‘ओएम सिस्टम’ या नावाने विकले जातात. नाव बदलले, पण काम तेच आहे.

आता आपल्या दुकानाकडे वळू. आपल्या मालाबद्दल तीन ओळी कागदावर लिहा: हा कोणासाठी आहे, त्याचे कोणते ओझे हलके करतो, आणि कोणाला तो घेऊ नका म्हणून सांगाल. तिसरी ओळ लिहिता आली नाही, तर पहिलीही नीट लिहिली गेलेली नाही, असे समजावे.