पाठ ७ : घोड्याचं पोट दुखतं तेव्हा

पासिर रिसच्या तबेल्यात तुमच्यापैकी काहीजण पोनीवर बसले असतील. मिनिएचर घोडा त्याहून बुटका. उंची साधारण ३४ इंच, जेवणाच्या टेबलापेक्षा थोडीच जास्त.

घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होतं, पोट रिकामं असलं तरी. चारा चावताना लाळ सुटते, तिने आम्ल सौम्य होतं. माळावर घोडा दिवसभर चरतो. तबेल्यात मात्र दोनदाच चारा मिळाला, तर मधल्या वेळात आम्लाने पोटात आतून व्रण पडतात. हाच अल्सर.

घोडा सांगणार कसा? तो दाणा अर्धवट सोडतो, दात खातो, सारखा आडवा पडतो, बारीक होतो. आपल्याला वाटतं, हट्टी झालाय! पण बुटक्या घोड्याने खाणं सोडलं की रक्तात चरबी वाढते आणि थोड्याच दिवसांत जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवायचं. ते नाकातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट तपासतात आणि ओमेप्राझोल देतात. (हो, आजोबा ॲसिडिटीवर घेतात तेच! पण त्यांची गोळी घोड्याला द्यायची नाही, डोस वेगळा असतो.) औषध बरेच आठवडे चालतं. शिवाय गवत थोडं थोडं, पण दिवसभर.

शब्दार्थ : व्रण – जखम. दात खाणे – दातावर दात घासणे. जिवावर बेतणे – जीव धोक्यात येणे.

लिहा : घोडा हट्टी आहे की आजारी, हे तुम्ही कसं ओळखाल?