भादव्याचे पाणी, माघाचे प्रदर्शन

पाऊस परतीला लागला आहे. डहाणू-तलासरीत हळवे भात पिवळे पडू लागले, चिकूच्या वाडीला पाणी देण्याची घाई अजून नाही, आणि नर्सरीवाल्यांनाही दिवाळीपर्यंत तशी उसंत असते. पण येत्या हिवाळ्यात कीटकभक्षी झाडे घेऊन एखाद्या प्रदर्शनात उतरायचा विचार असेल, तर कामाचा पंधरवडा हाच. या झाडांना बोअरचे पाणी चालत नाही, आणि आभाळातले पाणी आता थोडेच दिवस फुकट मिळणार आहे.

परदेशात या झाडांचे हौशी मंडळ करून राहतात. आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ पासून आहे. कॅलिफोर्नियात बे एरियातले मंडळ आपले प्रदर्शन आणि विक्री एकाच जागी भरवते. टेबलावर बक्षिसाची झाडे, शेजारी विकायची रोपे. आपल्याकडे तसे काही भरण्याची वाट पाहत बसू नका. भायखळ्याच्या राणीबागेत महापालिकेचे उद्यान प्रदर्शन, ठाण्याचे ‘वृक्षवल्ली’, पुण्यात एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन आणि घरच्या अंगणात म्हणावा असा बोर्डीचा चिकू महोत्सव, ही सगळी हिवाळ्यातली गर्दी आपल्याच वाटेवर आहे. गुलाब आणि शेवंतीच्या शंभर टेबलांत माशी गिळणाऱ्या झाडाचे एक टेबल असले, तर लोक कुठे थांबतील हे सांगायला नको. थांबलेल्या माणसाच्या हातात जिवंत राहील असे रोप देणे मात्र अवघड, आणि तयारी त्याचीच करायची आहे.

आधी पाणी. घोलवड, बोर्डी, चिंचणी या पट्ट्यात विहिरी-बोअरला खारटपणा असतो. चिकू तो बऱ्यापैकी पचवतो, घटपर्णी (पिचर प्लांट) पचवत नाही. तलासरीकडचे पाणी जिभेला गोड लागते म्हणून निर्धास्त राहू नका. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पेनाएवढा असतो, स्वस्त मिळतो. तो पाण्यात बुडवून बघा. आकडा ५० च्या आत असेल तर उत्तम, १०० च्या वर गेला तर ते पाणी या झाडांना नाही. छपराचे पाणी बहुधा सहज या मर्यादेत बसते. सरीची पहिली दहा मिनिटे वाहून जाऊ द्या, नंतरचे टाकीत घ्या. टाकी काळी किंवा झाकलेली हवी, नाहीतर शेवाळ धरते. तोंडाला बारीक जाळी बांधा, डास होतात.

किती साठवायचे त्याचा हिशेब कागदावर होतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोन चौरस मीटरच्या ट्रेमधून दिवसाला पाच मिलिमीटर उडून जाते असे धरले, तर रोज दहा लिटर लागतील. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत १२० दिवस, म्हणजे १,२०० लिटर. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर ६० मिलिमीटर पडले की एवढे पाणी जमते. भादव्यात एखादी जोरदार सर तेवढी देऊन जाते. पुढच्या मृगापर्यंत झाडे सांभाळायची असतील, तर साठा दुप्पट धरा.

आता माती. खरे तर मातीच नको. शेणखत, गांडूळखत, १९:१९:१९, काहीही नको, आणि आपल्या शेतकऱ्याला सगळ्यात जड जाते ते हेच. रोप मलूल दिसले की हात आपोआप खताकडे जातो. ही झाडे नत्र-स्फुरद जवळजवळ नसलेल्या दलदलीत वाढलेली. तिथे जे मुळांना मिळाले नाही ते ती किड्यांतून घेतात. खत पडले की मुळे जळतात. कोकोपीट आणि परलाइट निम्मे-निम्मे, किंवा प्रदर्शनात ठेवायच्या निवडक कुंड्यांना स्फॅग्नम मॉस. कोकोपीट विकत घेताना विश्वास ठेवू नका. खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचे असेल तर त्यात मीठ असते. पावसाच्या पाण्यात भिजवा, पिळा, पिळलेल्या पाण्यात मीटर बुडवा आणि आकडा खाली येईपर्यंत धूत राहा. खाडीची रेती कुंडीत घालू नका.

झाडे कोणती घ्यावीत, यावर माझे मत ठाम आहे : व्हीनस फ्लायट्रॅप दाखवायला एक-दोन ठेवा, विकायला ठेवू नका. सापळ्याच्या आतल्या बारीक केसांना वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला की तो सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतो. ते बघायला मुलेच काय, आजोबाही वाकतात. पण हे झाड अमेरिकेच्या कॅरोलायना भागातले, त्याला वर्षाकाठी तीन-चार महिने गारठ्याची झोप लागते. डहाणूच्या किनाऱ्यावर तेवढा गारठा पडत नाही, मुंबईच्या गॅलरीत तर नाहीच. घेणाऱ्याकडे ते फार दिवस टिकत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस तुमच्या टेबलाला वळसा घालून जातो.

विकायला घटपर्णी घ्या. त्यातही ‘व्हेंट्राटा’ नावाचा संकर. उष्ण-दमट हवा त्याला मानवते, रात्री पारा पंधरापर्यंत उतरला तरी कुरकुर करत नाही. ऊतीसंवर्धित रोपे देशातल्याच प्रयोगशाळेतून बिलासह घ्या आणि ऑक्टोबरच्या आत आणा. जी-९ केळीची रोपे ज्यांनी कणखर केली आहेत त्यांना वेगळे शिकवायला नको : आधी झाकलेली दमट जागा, मग हळूहळू उघडी हवा. कार्तिक-मार्गशीर्षात पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की नव्या पानांच्या टोकाला घट धरत नाहीत, टोक काळे पडून वाळते. शेडनेट ५० टक्क्यांची, पूर्वेच्या बाजूला आडोसा आणि दुपारी जमीन ओली. चिकूच्या वाडीच्या पश्चिमेला जागा असेल तर आडोसा आयताच आहे, फक्त वाडीत फवारणी असेल त्या दिवशी कुंड्या हलवा.

दुसरे झाड दवबिंदूचे. भिंग घेऊन एक पान जवळून बघा : चमच्यासारखे पाते, त्यावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकाचा एक थेंब. चिलट बसले की शेजारचे केस त्याच्याकडे वळतात. ‘बर्मानी’ जातीचे बी अगदी धुळीसारखे असते. आश्विनात ओल्या मॉसवर नुसते भुरभुरा, वर काही झाकू नका. उष्ण देशातली जात असल्याने वाढ झपाट्याने होते. थंडीतले स्वच्छ ऊन मिळाले की हिरवे रोपटे लालभडक होते, म्हणजे रंग बरोबर प्रदर्शनाच्या वेळेला येतो. यांच्या कुंड्या बशीतल्या एक-दोन सेंटिमीटर पाण्यात उभ्या असाव्यात. घटपर्णीला मात्र पाण्यात उभे करू नका, वरून द्या आणि निथळू द्या.

आपल्या भागातले काय? कोकणातल्या सड्यांवर आणि भातखाचरांच्या कडेला पावसाच्या शेवटी निळी-जांभळी इवली फुले येतात, ती सीतेची आसवे. कासच्या पठारावर पर्यटक ज्यांचे फोटो काढतात, त्यांतली ही एक. तिच्या बुडाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात जीव ओढून घेतात. गवती दवबिंदूही पावसाळी माळावर उगवतो. ही उपटून कुंडीत लावायचा मोह होतो. पण दोन्ही पावसाळ्यापुरती जगणारी आहेत. आज उपटलेले रोप जानेवारीत दाखवायला उरतच नाही, आणि बी धरण्याआधी काढले तर पुढच्या वर्षीचा ताटवाही गेला. शिवाय आपल्याकडे बराचसा माळ वनखात्याचा आहे. त्याऐवजी फोटो काढा, मोठा छापा, टेबलामागे लावा आणि खाली गावाचे नाव न देता नुसते ‘पालघर जिल्हा’ लिहा.

कायद्याचे थोडे. भारतात निसर्गतः एकच घटपर्णी आढळते, मेघालयातली ‘खासियाना’. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संरक्षित आहे. परवान्याशिवाय ती वाढवायची वा विकायची नाही. कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर घेऊ नका. परदेशातून पार्सलने रोपे मागवण्याच्या फंदातही पडू नका : आयात परवाना, रोगमुक्तीचे प्रमाणपत्र आणि घटपर्णी, फ्लायट्रॅप अशा जातींना साइट्सची (वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराची) कागदपत्रे लागतात. संकर रोपांची बिले टेबलाच्या खणात ठेवा, कोणी विचारले तर दाखवता आली पाहिजेत.

स्पर्धेत भाग घ्यायचा असेल तर नियमपत्रिका आधी मागवा. कीटकभक्षी झाडांना वेगळा गट नसेल तर दुर्मीळ झाडे किंवा पानांची झाडे यांपैकी कुठे बसवायचे ते आयोजकांना विचारूनच प्रवेशिका भरा. झाड काही महिने तुमच्याकडे वाढलेले असावे अशी अट अनेक ठिकाणी असते, म्हणूनही खरेदी आत्ताच. नावाची पट्टी बिनचूक हवी. कुंडीवरची पांढरी खार, वाळका घट, कडेचे शेवाळ आदल्या आठवड्यात काढा, आदल्या रात्री नव्हे.

मातीची कुंडी या झाडांना बरी नाही, तिच्यातून क्षार उतरतात. पण गिऱ्हाइकाला प्लास्टिकची कुंडी रुचत नाही. यावर तोडगा तलासरीच्या पाड्यांवरच आहे. झाड प्लास्टिकच्या कुंडीत, आणि ती ठेवायला बाहेरून वारली चित्र काढलेली मातीची कुंडी. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. बचत गटाकडून करून घ्या, दर घासाघीस न करता ठरवा, आणि कुंडीच्या तळाला काढणाऱ्या बाईंचे नाव येऊ द्या. काही ठिकाणी झाडापेक्षा कुंडीच आधी खपेल, हरकत नाही.

नेण्याचे काम लोकलने होते. डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ पासून येते; पहाटेची गाडी, मालडबा, आणि चिकूची प्लास्टिक क्रेट. घटांतले पाणी आदल्या संध्याकाळी ओतून टाका, तोंडाला कापसाचा बोळा द्या आणि घट वर्तमानपत्रात सैल गुंडाळा. टेबलावर पोचल्यावर प्रत्येकात तळाशी थोडे पावसाचे पाणी घाला, नाहीतर घट दोन दिवसांत सुकतात. दवबिंदूवर तळ कापलेला प्लास्टिकचा ग्लास उपडा घाला. धूळ एकदा चिकाला बसली की निघत नाही.

टेबलावर ‘हात लावू नका’ची पाटी कोणी वाचत नाही. एक फ्लायट्रॅप हात लावायलाच पुढे ठेवा, बाकीचे मागे. एकेक सापळा मोजक्याच वेळा मिटतो, मग तो वाया जातो, हे धरूनच हिशेब करा. प्रत्येक विकलेल्या रोपाबरोबर मराठी, हिंदी आणि गुजरातीत चार ओळींची चिठ्ठी द्या : पावसाचे किंवा आरओचे पाणी, खत नाही, भरपूर उजेड, मटणाचा तुकडा भरवू नये. शेवटची ओळ गंमत म्हणून लिहिलेली नाही. लोक खरेच भरवतात आणि घट कुजतो.

उरलेली रोपे परत आणली की सरळ शेडनेटमध्ये घुसवू नका. प्रदर्शनात शेजारच्या टेबलावरून पिठ्या ढेकूण चढतो, पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो. पंधरा दिवस वेगळी ठेवा, दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने घटपर्णीवरचा पुसून काढा. दवबिंदूवर स्पिरिट वापरू नका. ती कुंडी एक-दोन दिवस पावसाच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवली तरी भागते. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात पाणी तपासणीची चौकशी या आठवड्यातच करून या, टाकी भरायच्या आधी.