लिनो सांगून व्हिनाइल दिलं

दसऱ्याच्या आधी मार्केट यार्डच्या फूलबाजारात झेंडूचे ढीग लागतात. त्यांचं तीन ठोकळ्यांचं छापचित्र एका आडतदाराने दिवाळीच्या भेटीसाठी मागितलं होतं. आधी पिवळा, त्यावर नारिंगी, शेवटी गडद तपकिरी. झेंडूच्या ढिगाचा दाणेदार पोत पात्याने कोरून येत नाही. त्यासाठी लिनो, म्हणजे लिनोलियम, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणालाच खाऊ द्यावा लागतो. म्हणून तिथल्याच एका फ्लोअरिंगच्या दुकानात मी स्पष्ट विचारलं, "जवसाच्या तेलाचं लिनोलियम आहे ना?" "शंभर टक्के, मॅडम. जुना माल आहे."

गडद ठोकळा घरच्या जुन्या लिनोवर सुरेख उतरला. उरलेले दोन या नव्या शीटचे. खरा लिनो असेल तर द्रावण लवकरच चहासारखं तपकिरी होतं आणि पृष्ठभाग बुळबुळीत लागतो. इथे तास उलटला तरी पाणी नितळ. ठोकळा धुऊन, कोरडा करून नखाने ओरखडलं, चकाकी तशीच. तापलेली सुई कडेला टोचली आणि जळक्या प्लास्टिकचा भपका नाकात गेला. हातपाय गार पडले. मागचं तागासारखं अस्तर निव्वळ दाखवण्यापुरतं होतं.

दुकानदार म्हणतो, "तुमचं ॲसिड कमी पडलं असेल." कॉस्टिक ॲसिड नव्हेच! ते अल्कली, लिनोतल्या तेलाचा साबण करतं, म्हणून लिनो झिजतो. १८६३ साली फ्रेडरिक वॉल्टनने पेटंट घेतलेलं लिनोलियम जवसाच्या तेलाचंच होतं. व्हिनाइलमध्ये ते तेलच नाही, तर कॉस्टिक खाणार काय? मी हे सांगत असताना तो पुढच्या गिऱ्हाइकाला गालिचे दाखवू लागला. वर ऐकवलं, "बाकीचे लोक तर हेच कोरतात." कोरत असतील. चित्रकार नंदलाल बोसांचे १९३०चे काठी घेऊन चालणारे गांधीजी लिनोवर कोरलेलेच आहेत. पण मी कोरण्यासाठी मागितलं नव्हतं, आणि हे त्याला आधीच सांगितलं होतं.

तेव्हा पूर्ण शीट घेण्याआधी तुकडा मागा आणि घरी कॉस्टिकचा थेंब टाकून पाहा. तुकडा द्यायला कां-कूं केली तर समजून जा. सोडा नेहमी पाण्यात घाला, सोड्यावर पाणी कधीही नाही. ॲल्युमिनियमचं भांडं नको, हायड्रोजन सुटतो. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. द्रावण लावायला नायलॉनचा ब्रश घ्या. केसांचा ब्रश कॉस्टिक खाऊन टाकतं. भिजलेला लिनो वजनाखाली पूर्ण सुकू द्या, नाहीतर तो वाकतो आणि नारिंगी पिवळ्यावर नेमका बसत नाही. कागदासाठी काटकोनी पट्टी तिन्ही ठोकळ्यांना एकच ठेवा. घाई करू नका.

आणि बिल. माझ्या बिलावर नुसतं 'फ्लोअरिंग शीट' होतं, त्याच्या आधाराने दुकानदाराने पैसे परत द्यायला नकार दिला. 'जवसाच्या तेलाचं लिनोलियम' असं त्याच्याच हाताने लिहून घ्या, मगच पैसे मोजा.