कुलूप शाबूत, घर साफ

आमच्या शेजारच्या वाडीत एक घर फुटले. घरची माणसे लग्नाला गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. पाहतात तो दार सताड उघडे! कुलूप उंबऱ्यापाशी पडलेले. उचलून पाहिले, तर ते तसेच बंद. त्यावर साधा ओरखडाही नव्हता. चोराने कुलपाला हात लावलाच नव्हता. त्याने पहार घालून कोयंडाच उपटला होता. कोयंड्याच्या पट्टीचे स्क्रू दाताप्रमाणे बाहेर आले होते.

आत ट्रंक फोडलेली होती. सोयाबीनचे पैसे गेले. घरच्या बाईंची बोरमाळ गेली. ती त्यांच्या आईची होती.

अशा वेळी माणूस काय करतो? रडतो, ओरडतो आणि पसारा आवरू लागतो. सगळा गाव घरात शिरतो. तसे होऊ देऊ नका. ट्रंकेवर, दारावर, कपाटावर चोराच्या बोटांचे ठसे असतात. अंगणात पावले उमटलेली असतात. पोलिसांचे कुत्रे वासावरून माग काढते. पन्नास माणसे घरातून फिरली की हे सारे पुसले जाते. म्हणून सर्वांनी बाहेर थांबावे. दाराशी एक जाणता माणूस बसवावा. ११२ या क्रमांकावर फोन करावा. पोलीस पाटलांनाही कळवावे.

मग ठाण्यावर जाऊन फिर्याद द्यावी. 'तुमचं गाव आमच्या हद्दीत नाही,' असे कोणी म्हणाले तरी मागे फिरू नका. अशी फिर्याद कोणत्याही ठाण्याला घ्यावी लागते. मग ती योग्य ठाण्याकडे जाते. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. त्यात हे स्पष्ट लिहिले आहे.

लिहिलेली फिर्याद तुम्हाला वाचून दाखवतात. पण आता तुम्हाला वाचता येते. ती स्वतः वाचा. बोट ठेवून वाचा. वेळ लागला तर लागू द्या. एखादी वस्तू लिहायची राहिली असेल तर सांगा. मगच सही करा. नंतर तिची प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते.

चोरी झाली की गावात तर्क सुरू होतात. वाडीतही झाले. कोणी म्हणाले, "ओढ्याकाठी पालं पडलीत ना, त्यांचंच काम!" पाहिले कोणीच नव्हते. पण पालातल्या माणसाला गावात ना घर, ना सोयरा. त्याच्यावर आळ घेणे फार सोपे. पोलीस पाटलांनी त्या दिवशी कोणालाही ओढ्याकडे जाऊ दिले नाही. फार बरे केले. धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी काय झाले ते आठवा. भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या जमातीचे पाच जण तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी आली, अशी अफवा उठली. गर्दीने पाचही जणांना ठार मारले. पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री असेच घडले. चोर समजून जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना मारले. त्यांतले कोणीही चोर नव्हते.

चोर आपल्या डोळ्यांसमोर चोरी करताना सापडला, तर त्याला धरता येते. मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. बांधून झोडपण्याचा हक्क कोणालाही नाही.

आता त्या कोयंड्याकडे वळू. घर फुटले की लोक बाजारात जातात आणि मोठे, जड कुलूप आणतात. अहो, पण कुलूप तुटलेच कुठे होते? कोयंडा पाऊण इंचाच्या स्क्रूंवर अडकवलेला, आणि त्याला पाव किलोचे कुलूप! याला काय अर्थ? सुताराला बोलवा. कोयंड्याच्या पट्टीला दारातून आरपार बोल्ट मारायला सांगा. बोल्टचे गोल डोके बाहेर हवे. नट आतल्या बाजूला, आणि नटाखाली रुंद लोखंडी चकती. मग पट्टी उपटायची तर दाराची फळीच फोडावी लागेल. त्याला वेळ लागतो. मोठा आवाज होतो. चोराला या दोन्ही गोष्टी नको असतात. चौकटीकडची बाजूही तशीच पक्की करा. लाकूड वाळवीने पोखरले असेल तर आधी ते बदला. पोकळ लाकडात बोल्ट काय धरणार?

कुलूप घेताना त्याची वाकडी दांडी पाहा. ती जाड आणि आखूड असावी. कुलूप लावल्यावर दांडी आणि कोयंडा यांत पहारीचे टोक शिरेल एवढी फट राहू नये.

रात्री आतून दार लावायला जुन्या वाड्यांत अडसर असे. भिंतीतल्या खोबणीतून ओढायचा लाकडी सोट तो. तो लावला की बाहेरून धक्के मारणारा दमून जाई. नवी घरे बांधताना आपण अडसर काढून टाकला. त्याच्या जागी बोटाएवढी पातळ कडी आली. जाड पाइपाचा किंवा लाकडाचा अडसर आजही बसवता येतो. परसदाराला तर तो हवाच. पुढचे दार भक्कम आणि मागचे एका खिळ्यावर, अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

घराभोवती एक फेरी मारा. मागे शिडी टेकवलेली आहे का? कुऱ्हाड, पहार बाहेर पडली आहे का? चोर हत्यारे घेऊन येतोच असे नाही. आपलीच वापरतो. खिडकीच्या गजांत चार इंचांहून जास्त अंतर नको. खिडकीशेजारी खुंटीला सदरा टांगू नका. काठीला आकडा लावून तो बाहेरून ओढतात, आणि खिशातले पाकीट व फोन जातात. किल्ली तुळशीवृंदावनात ठेवण्याची रीत सोडा. ती जागा साऱ्या गावाला ठाऊक असते. परगावी जाताना शेजाऱ्याला पडवीत झोपायला सांगा आणि त्याच्या वेळी तुम्ही झोपा. कॅमेरा लावायचा तर लावा, पण आधी दार.

वाडीतल्या बाईंना पोलिसांनी विचारले, "बोरमाळ किती तोळ्यांची? मणी किती?" त्यांना सांगता येईना. वर्षानुवर्षे गळ्यात घातली, पण मोजली कोणी? माल सापडला तरी तो आपला आहे हे पटवावे लागते. म्हणून यादी लिहून ठेवा. अशी लिहा:

मंगळसूत्र, सोन्याचे. वजन दीड तोळा. डाव्या वाटीला पोचा आहे.
तोडे, चांदीचे, एक जोड. वजन २० तोळे. एकाचा फासा बदललेला.

सोनाराची पावती यादीला जोडा. दागिन्याचा फोटो काढा. अलीकडच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरे-अंकांचा क्रमांक असतो. तो प्रत्येक दागिन्याचा निराळा असतो. फार बारीक असतो, सोनाराच्या भिंगातून वाचून घ्या. फोनचाही क्रमांक लिहा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो दिसतो. तो १५ अंकी असतो.

यादीच्या दोन प्रती करा. एक घरात ठेवा, दुसरी सासरी असलेल्या मुलीकडे किंवा बहिणीकडे द्या. घरातली प्रत ट्रंकेत ठेवू नका. चोर पुष्कळदा ट्रंकच उचलतो आणि शेतात नेऊन फोडतो.