रिकाम्या चौकटी

नेवा नदीच्या तीरावर, रशियातील सेंट पीटर्सबर्ग नगरात, हर्मिटाज नावाचे भव्य कलासंग्रहालय आहे. सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने १७६४ साली या संग्रहाचा पाया घातला. लिओनार्दो, रेम्ब्रांट यांसारख्या थोर चित्रकारांच्या कृती येथील दालनांना शोभा देतात. एके काळी मात्र या दालनांत चित्रांवाचून नुसत्या चौकटी टांगलेल्या होत्या. त्यांचीच ही हकीकत.

२२ जून १९४१ रोजी जर्मन सैन्याने सोव्हिएत संघावर स्वारी केली. त्या वेळी या नगराला लेनिनग्राड म्हणत. संकट ओळखून संग्रहालयाचे संचालक योसिफ ओर्बेली व त्यांचे सहकारी अहोरात्र कामाला लागले. चित्रे चौकटींतून उतरविण्यात आली. नाजूक वस्तू जपून पेट्यांत भरण्यात आल्या. जुलै महिन्यात दोन आगगाड्या अकरा लाखांहून अधिक वस्तू घेऊन दूर उरल पर्वताकडील स्वेर्दलोव्स्क शहरी गेल्या. तिसऱ्या गाडीची तयारी चालू असतानाच, ८ सप्टेंबरला, नगराला शत्रूचा वेढा पडला.

रिकाम्या चौकटी मात्र भिंतींवरच ठेवण्यात आल्या. चित्रे एक दिवस स्वगृही परततील आणि तेव्हा प्रत्येकाला आपली जागा सापडेल, अशी सर्वांची श्रद्धा होती.

वेढा ८७२ दिवस चालला. पहिल्या हिवाळ्यात कित्येकांच्या वाट्याला दिवसाकाठी अवघा १२५ ग्रॅम पाव येई. भुकेने व थंडीने लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. तोफांच्या माऱ्याने संग्रहालयाच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि दालनांत बर्फ शिरला. तळघरात आश्रय घेतलेले कर्मचारी क्षीण झालेल्या हातांनी काचा वेचीत आणि बर्फ उपशीत.

पोटात अन्न नसताना चित्रशाळेची एवढी चिंता कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर पुढील प्रसंगात आहे. साफसफाईस मदत करणाऱ्या सैनिकांना पावेल गुब्चेव्स्की नावाच्या मार्गदर्शकाने संग्रहालय दाखविले. एकेका रिकाम्या चौकटीपुढे उभे राहून, तेथे कोणते चित्र होते व त्यात काय रेखाटले होते, हे त्याने केवळ स्मरणाने वर्णिले. समोर चित्र नव्हते, तरीही सैनिक तन्मयतेने ऐकत राहिले. आपण कशाचे रक्षण करीत आहोत, हे त्या चौकटींनी त्यांना दाखविले.

२७ जानेवारी १९४४ रोजी वेढा पूर्णपणे उठला. १९४५ च्या ऑक्टोबरात कलाकृती परत आल्या आणि नोव्हेंबरात संग्रहालयाची द्वारे जनतेसाठी पुन्हा उघडली. वाट पाहणाऱ्या चौकटी भरून गेल्या. कलेचे खरे रक्षण दारावरच्या कुलपांनी होत नाही. तिच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांमुळे ती टिकते.

स्वाध्याय
१. चौकटी भिंतींवरच का ठेवण्यात आल्या?
२. वेढ्याच्या काळात कर्मचाऱ्यांनी संग्रहालयाची निगा कशी राखली?
३. तुम्हाला आवडलेल्या एखाद्या चित्राचे, ते समोर नसताना, आठ ओळींत वर्णन करा.