कोटेशनचे कागद बाजूला ठेव आणि माझं ऐक

अगं, इतकी गांगरू नकोस. भाऊ लग्नाचे फोटो काढतो, तू हुलसुरात घरी बसून एडिटिंग आणि अल्बम करतेस. मग कॉम्प्युटर तुझ्या कामाचा हवा, गेम खेळणाऱ्या पोरांचा नव्हे.

हिशेब बघ. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाईल साधारण 25 ते 30 एमबीची. हळद, लग्न, वरात धरून 4,000 फोटो झाले, की शंभर जीबी ओलांडलेच. लग्नसराईत अशा तीन-चार ऑर्डरी एकदम अंगावर येतात. म्हणून पहिला पैसा डिस्कवर घाल. चालू कामाला 1 टीबीची एनव्हीएमई एसएसडी, संपलेल्या कामाला 4 टीबीची साधी हार्ड डिस्क. आणि कार्ड रीडर यूएसबी 3 चाच घे. जुन्या यूएसबी 2 वर एवढं कार्ड उतरायला तासभर जातो, तोवर तुझा स्वयंपाक होईल!

खरं सांगू का, रॅम म्हणजे आपला ओटा. चिंचोळा असला, की परात ठेवायला आधी पोळपाट उचलावा लागतो. 16 जीबीत लाइटरूम चालतं गं, पण शेजारी फोटोशॉपमध्ये अल्बमचं 12 बाय 36 चं पान उघडलंस, की 300 डीपीआयला ते 10,800 बाय 3,600 पिक्सेलचं होतं, वर लेअर वेगळेच. 32 घे. आज जमत नसेल, तर 16 ची एकच पट्टी घे आणि शेजारचा स्लॉट मोकळा ठेव.

ग्राफिक्स कार्डाचं कौतुक दुकानदार फार करील. 2023 मध्ये लाइटरूममध्ये एआय डीनॉइज आलं. वरातीतले अंधारातले दाणेदार फोटो ते छान साफ करतं, पण चांगलं कार्ड नसेल तर एकेका फोटोला मिनिटं खातं. हे काम रोजचं असेल तर 8 जीबीचं आरटीएक्स घे. वर्षातून दहा फोटोंसाठी मुळीच नको.

वाचलेले पैसे स्क्रीनवर घाल. 100 टक्के एसआरजीबी दाखवणारा आयपीएस मॉनिटर माग. मी एकदा स्वस्त स्क्रीनवर रंग लावले आणि अल्बम छापून आला तेव्हा नवरी हळदीची नाही, काविळीची दिसत होती! सासूबाईंनी तो अल्बम अजून जपून ठेवलाय, मला चिडवायला.

लॅपटॉप की डेस्कटॉप? डेस्कटॉप, बाई. एप्रिल-मेच्या दुपारी आठशे फोटो एक्सपोर्टला लावलेस, की लॅपटॉप तापून आपोआप मंद होतो. लाईटचा भरवसा नाही, तेव्हा यूपीएस पहिल्याच दिवशी आण. पंधरा मिनिटं मिळाली तरी काम सेव्ह करून नीट बंद करता येतं.

सिकंदराबादच्या सीटीसीत, म्हणजे चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, निवड भरपूर आहे. भाव तिथले विचार, पण मशीन बसवकल्याण, भालकी नाहीतर बिदरला जोडून घे. ऐन सीझनमध्ये एक पार्ट बसला, तर तू हैदराबादची बस धरणार की अल्बम देणार? वॉरंटी प्रत्येक पार्टची वेगळी असते, म्हणून पक्क्या बिलावर सीरियल नंबर लिहून घे.

आणि बघ, दुसऱ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय भावाला एकही कार्ड फॉरमॅट करू देऊ नकोस. रुसला तर रुसू दे.